दहा नंबरचा पाना

आमच्या इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणतात. लिफ्टच्या देखभालीचं काम करणारे हे गृहस्थ स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढतात. "लिफ्ट बिघडलीय का हो?" असं कुणी घाबरून विचारलं, तर म्हणतात, "छे, ठणठणीत आहे." आणि चार पायऱ्या चढून पुटपुटतात, "आज तरी." त्यामुळे त्यांच्यामागून बरेच जण जिन्यानेच जातात आणि एकंदरीत इमारतीची तब्येत बरी आहे.

त्यांच्या धंद्याचं तत्त्व सरळ आहे. वस्तू बिघडल्यावर दुरुस्त करतो तो कारागीर, बिघडायच्या आधीच तिच्यावर संशय घेतो तो देखभालवाला. लिफ्टच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण लिफ्टवाल्यांनी ते घरातल्या नळांना, आईच्या खुर्चीला आणि शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटेलाही लावलं. संसार तरीही चालला, कारण बायको रुग्णालयात परिचारिका होती आणि अस्वस्थ माणसं सांभाळायची तिला सवय होती. तिला सगळे सिस्टर म्हणतात. सासूबाईसुद्धा. "सिस्टर, माझा चष्मा बघितलास का गं?" हे वाक्य त्या घरात कुणाला चमत्कारिक वाटत नाही.

गावाबाहेर नवं रुग्णालय निघालं आणि सिस्टरना तिथे एका अख्ख्या वॉर्डाची प्रमुख म्हणून बोलावणं आलं. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या करून, हाताखाली शिकलेल्या पोरी डोक्यावर येऊन बसलेल्या पाहून झाल्यावर आलेलं हे बोलावणं. अडचण एकच होती. सकाळची पाळी सातला सुरू व्हायची आणि पहिली बस तिथे पोचायची सातनंतर, तीही लहर असेल तर. पहिल्या तारखेला वेळेवर हजर झाल्या नाहीत, तर दुसरं माणूस तयारच होतं. सिस्टरकडे लायसन्स होतं, हातही बसलेला होता. म्हणून गाडी घ्यायची ठरली. अर्थात जुनी.

गाडी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांची होती. एके काळी पांढरी, आता सायीच्या रंगाची. किल्ली देताना मास्तर गहिवरून म्हणाले, "इतक्या वर्षांत एकदाही त्रास दिला नाही हो हिने."

सिस्टर खूश झाल्या. लिफ्टवाल्यांचा चेहरा पडला.

"एकदाही नाही?" घरी येताना ते म्हणाले. "म्हणजे सगळं तुंबून राहिलंय. आता एकदम निघणार."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून आले की ते बॉनेट उघडत आणि सिस्टर टॉर्च धरत. ऑइल बदललं, कूलंट बदललं. ज्या नळ्या फुटल्या नव्हत्या त्या बदलल्या, कारण फुटलेली नळी बदलायला अक्कल लागत नाही असं त्यांचं म्हणणं. ब्रेक उघडले, बघितले, लावले, आणि आपण नीट लावले ना या शंकेने पुन्हा उघडले.

काम आटोपल्यावरही चैन नसे. लिफ्टला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि त्यावर पाटी अडकवायची, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. गाडीला मेन स्विच नसतो, म्हणून ते दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवत आणि स्टेअरिंगला आपली नेहमीची तांबडी पाटी लावत: 'काम चालू आहे. वापरू नये.' सकाळी कामावर जाताना पाटी काढून पिशवीत टाकत आणि टर्मिनल जोडत. त्यामुळे गाडीतलं घड्याळ रोज सकाळी नव्याने जन्माला येई आणि एक वाजल्यापासून आयुष्याला सुरुवात करी.

"अहो, मला एकदा चालवू तर द्या," सिस्टर म्हणत.

"चालव की. तेवढा एक आवाज सापडू दे."

"कसला आवाज?"

"तोच तर सापडत नाहीये."

वरून खिडकीतून आई म्हणत, "एवढी चौकशी तर सून आणताना केली नव्हती आपण!"

"म्हणूनच तर," सिस्टर टॉर्च न हलवता म्हणत.

शेवटी आवाज गॅरेजवाल्याला सापडला. गाडीतून एक फेरी मारून आला, किल्ली काढली आणि लिफ्टवाल्यांच्या हातात ठेवली. किल्लीसोबत अर्ध्या शहरातल्या लिफ्टच्या किल्ल्यांचं जुडगं होतं. "साहेब, हे घरी ठेवत जा. टिकटिक याची आहे."

जुडगं काढलं. गाडी अगदी गप्प झाली. तेव्हापासून लिफ्टवाल्यांची झोप उडाली. इतकी गप्प गाडी त्यांना बरी वाटेना.

महिनाअखेरीच्या दुपारी सिस्टरनी निर्वाणीचं सांगितलं. "उद्या पहिली तारीख. आज गाडीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"बघायलासुद्धा जायचं नाही."

"अगं, नाही म्हणजे नाही."

दिवेलागणीला सिस्टर गणवेशाला इस्त्री करायला बसल्या. लिफ्टवाल्यांनी वर्तमानपत्र उघडलं, मिटलं, आणखी एकदा उघडलं. नळ बंद आहे ना हे बघायला माणूस जसा उठतो, तसे ते उठले आणि खाली जाऊन आले. वचन मोडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. माणूस सवयीने करतो त्याला तो काही केलं असं म्हणतच नाही.

पहाटे फोन आला. एका कार्यालयाच्या इमारतीत पहारेकरी लिफ्टमध्ये अडकला होता. कंपनीची गाडी न्यायला आली. लिफ्टवाले निघाले तेव्हा सिस्टर अंघोळीला गेल्या होत्या.

तिथे पोचून त्यांनी मेन स्विच पाडला, पाटीसाठी पिशवीत हात घातला आणि हात तिथेच राहिला. पाटी पिशवीत नव्हती. ती कुठे होती हे त्यांना लगेच दिसलं, स्टेअरिंगसकट. आणि टर्मिनलसुद्धा.

सिस्टरना फोन लावला. कुणी उचलेना. आईला लावला. आईंनी उचलला, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही," असं स्पष्टपणे सांगून ठेवून दिला.

दाराच्या फटीतून पहारेकऱ्याने विचारलं, "साहेब, काय झालं? कंपनीत फोन लागत नाहीये का?"

"कंपनीत नाही हो. बायकोला लावतोय. तिचा पहिला दिवस आहे आणि गाडीचं टर्मिनल मी काढून ठेवलंय."

"मग साहेब, माझं राहू द्या, तुम्ही आधी घरी..." पहारेकऱ्याने विचार केला. "नाही, तसं नको. आधी मला काढा. पण मनावर घेऊन काढा."

त्यांनी मनावर घेऊन काढलं. हात आपलं काम करत होते, पण कान खिशातल्या फोनकडे होते.

इकडे सिस्टरनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. मग समोरची पाटी वाचली. त्या एक शब्द बोलल्या. तो खिडकीतल्या सासूबाईंना ऐकू गेला आणि त्यांनी संमतीदर्शक मान डोलावली. सिस्टर खाली उतरल्या. बॉनेट उघडलं, डिकीतल्या पेटीतून पाना काढला, टर्मिनल बसवलं, नट आवळला. इतक्या संध्याकाळी टॉर्च धरला होता त्यांनी. काम करणाऱ्याला आपला हात तेवढा दिसतो, टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. हात पुसून त्या निघाल्या. गणवेशाची इस्त्री मोडली नव्हती.

पहारेकरी बाहेर आला तेव्हा फोन वाजला.

"पोचले. तुमचा फोन वाजत होता, पण मी गाडी चालवत होते."

"टर्मिनल..."

"लावलं."

"नट नीट आवळलास ना?"

"तुमच्याइतका नाही. मला तो परत कधीतरी सोडवायला लागेल."

"वेळेत?"

"दहा मिनिटं आधी. ठेवते आता, माझी माणसं वाट बघतायत."

'माझी माणसं' हे त्यांनी जरा सावकाश म्हटलं.

संध्याकाळी गाडी आली. लिफ्टवाले खालीच उभे होते. बॉनेटवर तळवा ठेवला. गरम होतं, पण वावगं काही नव्हतं, आणि हेच त्यांना खटकलं.

"आवाज आला का काही?"

"आला ना."

त्यांचे डोळे चमकले. "कसला?"

"रेडिओचा. छान वाजतो की. तुम्ही कधी लावलाच नाहीत." सिस्टरनी पाटी त्यांच्या हातात दिली. "आणि ही कामावर न्या. तिथे माणसं अडकलेली असतात."

त्या वर गेल्या. लिफ्टने.

लिफ्टवाल्यांनी आत वाकून पाहिलं. घड्याळ बरोबर वेळ दाखवत होतं. कुणीतरी ते लावलं होतं. सवयीने त्यांनी डिकी उघडली, पेटीचं झाकण उचललं. आठ नंबरचा पाना होता, बाराचा होता. मधली जागा रिकामी.

"अगं, दहाचा कुठे गेला?" त्यांनी वर हाक मारली.

खिडकीत आई आल्या. "ती म्हणते, पर्समध्ये आहे."

"पर्समध्ये कशाला?"

आईंनी आत विचारलं आणि पुन्हा डोकं बाहेर काढलं. "म्हणते, तिथेच राहील."

लिफ्टवाले पाटी हातात घेऊन उभे राहिले. ती अडकवायला त्यांनी जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा पिशवीत टाकली. मग जिन्याने वर निघाले, आणि डिकी नीट लागलीय ना हे बघायला दुसऱ्या मजल्यावरून परत खाली आले.