झोइलाची हुकलेली साक्ष

झोइला आमच्याच बर्गरच्या दुकानात कामाला. न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये कामगार कायद्यावर जनसुनावणी असली की ही हजर. तिथे टाळ्या वाजवायला बंदी आहे. एखाद्याचं बोलणं पटलं, तर दोन्ही हात वर करून नुसते हलवायचे. झोइलाला त्याचा भारी राग. "आपण काय माशा हाकलतोय?" म्हणायची, आणि स्वतःचे हात मांडीवरून उचलायची नाही.

त्या दिवशी विषय आमचाच होता: मालकाने ऐनवेळी शिफ्ट बदलू नये. सकाळभर अधिकारी बोलले, मग मालकांचे वकील. "सहसा शिफ्ट बदलत नाहीत," असं एक वकील शांतपणे सांगत होता, तेवढ्यात झोइलाचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि कोट उचलला.

"मॅनेजर. आत्ताच्या आत्ता ये म्हणतोय."

"अगं, तुझा बोलायचा नंबर आलाच की!" मी म्हटलं.

"तू सांग त्यांना. मला नोकरी टिकवायचीय, बाई."

दुपारी अध्यक्षबाईंनी तिचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. शेवटी मी उभी राहिले.

"तिची शिफ्ट मघाशीच बदलली. ती कामावर गेली."

बाईंनी कागदातून मान वर काढली. मग मागच्या रांगेतून एकेक हात वर गेला, आणि सगळा हॉल हात हलवत राहिला.

संध्याकाळी मी हे झोइलाला सांगितलं. बटाट्यांची जाळी तेलातून उचलत ती म्हणाली, "मी बोलले असते, तर एवढे हात हलले असते का गं?"