भीमाचा वाटा

जे मोजता येतं तेवढंच मी मानतो. आयुष्यभर सर्व्हेचं काम केलंय, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. पण माझ्या जुन्या फील्ड बुकात तीन दिवसांची नोंद आहे, ती सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. साताऱ्याकडून आलो, कोपरखैरण्याला मामाकडे राहिलो आणि एका सर्व्हे कंत्राटदाराकडे लागलो – प्रोबेशनवर. पहिलंच काम खांदेश्वरच्या पुढच्या टेकडीवर... तटबंदीच्या आतलं पडकं शिवमंदिर. पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं, पण कोंबडा आरवला आणि भीमाचा शेवटचा धोंडा तटावर चढवायचा राहिला, अशी कथा. तटाच्या माथ्यावर तेवढीच खाच रिकामी होती, आणि धोंडा खाली जमिनीवर.

बैलगाडीएवढा धोंडा, हलणार कुठे? मी त्यावर लाल फुली मारून तोच बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायचा पक्का बिंदू, धरला. सकाळी तिथून जागोजागची उंची मोजत टेकडी फिरायची, दुपारी तिथेच येऊन सकाळच्या उंचीशी ताळा करायचा. पहिल्या दिवशी धोंडा बारा मिलिमीटर वर! दुसऱ्या दिवशी आणखी बारा. खालची माती मात्र तशीच घट्ट.

"धोंडा काय लिफ्टने चाललाय?" कंत्राटदार साहेब म्हणाले. "उद्या जुळलं नाही तर गावाला जा."

यंत्र बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रडवेला उभा होतो. स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, धरायला त्या दिवसापासून गावातल्या ताराबाय आल्या.

"इंजिनेर, भीमाला वाटा ठेवलास का? आमी तटात आलो का आधी त्याची भाकरी काढतो."

"त्यानं काय होणार, मावशी?"

"काम थांबंल त्याचं. जेवताना कोन धोंडा उचलतंय?"

मला हसू आलं, पण नोकरीचा प्रश्न होता. डब्यातली अर्धी भाकरी धोंड्यावर ठेवली. दुपारी ताळा केला... फरक शून्य. भाकरी नव्हती, ती कावळ्याने नेली असेल, त्याबद्दल माझा काही दावा नाही. पुढे काम संपेपर्यंत रोज वाटा ठेवला, रोज ताळा जुळला. न ठेवता पाहायची हिंमत झाली नाही. नोकरी टिकली, ती ताराबायमुळे.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. गाव उठून टॉवर झालेत, वाटा ठेवणारं कोणी उरलं नाही. क्रेन चढेल असा रस्ता आजही नाही. तरी धोंडा वर, त्या खाचेत चपखल बसलाय – माझ्या लाल फुलीसकट.

कारण मला आजही सापडलेलं नाही. डबा सोबत होता. अर्धी भाकरी तटाखाली ठेवून आलो. एवढं काम पुरं केलेल्याला उपाशी कसं ठेवायचं?