मोराची मूळ फाईल

बिबवेवाडीतल्या आमच्या गाळ्यात नवा कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या माणसाने मला फसवले. माझ्या बायकोच्या डिझाइनच्या मूळ फाईली त्याने स्वतःकडे ठेवल्या आणि मला नुसत्या टाक्यांच्या फाईली दिल्या. हे आधीच लिहून टाकतो, कारण तो सगळीकडे उलटे सांगत फिरतो. म्हणतो, भाव पाडून पाडून मीच त्याला लुटले. भाव मी पाडला, हे खरे. पण तो समोरासमोर पाडला, आणि त्याला नाही म्हणायला तोंड होते.

आमचा धंदा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा. ब्लाउजच्या पाठीवर, बाह्यांवर मशीनने भरतकाम करून द्यायचे. विदर्भातून पुण्यात आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या मशीनवर तुटलेले धागे ओवत होतो. पुढे एक जुनी मशीन स्वतःची घेतली, तिच्याबरोबर एक जुना कॉम्प्युटर आला. बायको त्यावर पंचिंग शिकली. म्हणजे कागदावरचे चित्र कॉम्प्युटरवर घेऊन कुठे कोणता टाका पडेल, कोणत्या दिशेने, किती दाट, हे ठरवत बसायचे. मला ते कधी जमले नाही. मी गिऱ्हाईक आणायचो, भांडायचो, माल पोचवायचो. ती पडद्यासमोर बसायची. तिचा एक मोर होता, मान मागे वळवून स्वतःच्याच पिसाऱ्याकडे बघणारा. त्या मोरावर आम्ही गाळा उभा केला.

त्या कॉम्प्युटरला मी कधी इंटरनेट लागू दिले नाही. नेटवरून डिझाइन कशी पळतात हे मी इतरांचे पाहिले होते. शेजारचे झेरॉक्सवाले काका विचारायचे, "काय हो, तुमचा कॉम्प्युटर अजून सोवळ्यातच का?" मी म्हणायचो, "हो, तुम्ही लांबूनच बघा." डिझाइन फ्लॉपीवर घ्यायचे, फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, संपले.

मग फ्लॉप्या दगा देऊ लागल्या. नवी मशीन घेतली, तिला पेन ड्राइव्ह लागायचा, आणि जुना कॉम्प्युटर पेन ड्राइव्ह ओळखेना. दुसरा कॉम्प्युटर घेण्यावाचून इलाज नव्हता.

कॉम्प्युटरवाला आमच्याच भागातला, यवतमाळकडचा. आसपासच्या सगळ्या एम्ब्रॉयडरीवाल्यांना तोच मशीन जोडून देतो. पुण्यात इतकी वर्षे काढली तरी "काऊन भाऊ" ऐकले की आम्ही विरघळतो. तरी मी त्याला सोडले नाही. घासाघीस केली, दोनदा उठून निघालो, दोन्ही वेळा त्याने परत बोलावले. शेवटी म्हणालो, "जुना कॉम्प्युटर बदल्यात घ्यायचा, तरच व्यवहार."

"हे डबडं घेऊन मी काय करू भाऊ? उंदीर पाळू?"

"काय पाळायचं ते पाळ."

तोंड वाकडे करून तो तयार झाला. आज वाटते, ते तोंड वाकडे करणे नाटक होते.

फाईली इकडून तिकडे नेण्याच्या दिवशी बायको डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. तो आला, गाळ्यात नजर फिरवली आणि म्हणाला, "वहिनी नाहीत का आज?" नाही म्हटल्यावर खुर्ची ओढून बसला. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढली, एका वायरने नव्याला जोडली. मी त्याच्या खुर्चीमागे उभाच होतो. पडद्यावर एकेक नाव सरकत होते, सगळी ओळखीची.

"सगळं आलं का?"

"मोजून घ्या ना भाऊ. तुमाले कोण फसवणार?"

मी मोजून घेतले. जुन्यात जितकी तितकीच नव्यात. त्याने डिस्क पुन्हा जुन्या डब्यात घातली, डबा स्कूटरवर पायांत ठेवला आणि गेला.

आता मोजून घेतल्यावर फसवणूक कशी, असे कोणीही विचारील. प्रत्येक डिझाइनच्या दोन फाईली असतात. एक मूळ. तिच्यात आकार बदला, पाने काढा, फुले घाला. मोठे केले की टाके त्या मापाने नव्याने बसतात. दुसरी फक्त मशीनला द्यायची, तयार टाक्यांची. बायकोने दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या, एकाच नावाने. त्याने मला इकडे आणि तिकडे एकच फोल्डर उघडून दाखवला.

काही आठवडे कळलेही नाही. छोटी कामे होती, टाक्यांच्या फाईलवर निभावली. मग नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईंनी अख्ख्या पाठीवर मोर सांगितला. बायकोने फाईल उघडली, मोर मोठा केला, पडद्याच्या जवळ गेली, चष्मा पुसून पुन्हा बघितले.

"मूळ फाईल कुठाय?"

"त्यातच असेल."

"नाही. मूळ एकही नाही."

मी म्हटले, शब्द दिलाय, चालव मशीन. चालवली. टाके तेवढेच राहिले आणि त्यांच्यातले अंतर वाढले. पिसाऱ्यातून कापड दिसू लागले. बाईंनी ब्लाउज उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अहो, मी मोर सांगितला होता. ही चाळणी घेऊन मी काय पीठ चाळू?"

मी तसाच कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. तो शांत होता. "जुन्या सॉफ्टवेअरच्या फाईली नव्यात उघडतच नाहीत भाऊ. कामाच्या तेवढ्या आणल्या."

"मग जुना कॉम्प्युटर परत दे."

"तो गेला भंगारात. तुम्हीच तर गळ्यात मारला होता मले."

मी त्याच्या काउंटरवरचा माउसचा खोका उचलून रस्त्यावर फेकला. लोकांनी मला धरले. घरी येऊन बायकोला विचारले, पुन्हा करता येतील का? डॉक्टरांनी तिला पडद्यासमोर जास्त बसू नको म्हणून सांगितले होते. ती म्हणाली, "एखादा मोर होईल. सगळं नाही व्हायचं आता." एवढेच बोलून ती भाजी निवडू लागली. मला तिने रागावावे असे वाटत होते. ती रागावली नाही, आणि तेव्हापासून माझे घरात मन लागत नाही.

फाईली खरोखरच उघडल्या नसतील, असे मीही हळूहळू मानू लागलो होतो. मग खडकीला एका नातेवाइकाकडे लग्न होते. जेवणाच्या रांगेत आमच्या पुढे एक बाई उभी होती, आणि तिच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत मोर होता. मान मागे वळवलेला.

बायकोने ताट माझ्या हातात दिले. "ताई, जरा हात लावू का?"

"लावा की," ती बाई हसली. "पण ब्लाउज इथेच मागू नका हं, जेवायचंय अजून."

बायकोने मोरावरून बोटे फिरवली, हळू, मानेवर थांबून. "कुठून केलंत?"

"नणंदेनं आणलंय. पाहिजे त्या मापात करून देतात म्हणे."

बाजूला आल्यावर बायको म्हणाली, "मानेवर टाके मध्येच दिशा बदलतात. ती माझी चूक होती. पण त्याने मान वळल्यासारखी दिसते म्हणून मी ठेवली होती. एवढा मोठा केलाय आणि एक भेग नाही." मग ती जेवली नाही. मी दोन ताटे धरून उभा.

म्हणजे मूळ फाईल भंगारात गेली नाही. ती कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडते, मोठी होते, लहान होते.

दुसऱ्या दिवशी दोघे त्याच्या दुकानात गेलो. मी मोराचे सांगितले. तो म्हणाला, "मोर काय तुमच्या एकट्याचा हाय का भाऊ? दुनियेत मोर कमी हायेत का?" माझा हात उठला होता. बायकोने मनगट धरले आणि त्याला एकच विचारले, "विकल्या, की स्वतः वापरतोस?"

त्याने मोबाइल उचलून बघितला. मग म्हणाला, "वहिनी, चहा सांगू?"

पोलिस चौकीत विचारून पाहिले. तिथल्या साहेबांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "कॉम्प्युटर तुम्हीच दिलात ना?" दिला, मी म्हणालो. मी डबा दिला. आतल्या फाईली दिल्या नव्हत्या. डबा त्याचा झाला म्हणून तिने डोळे फोडून केलेले काम त्याचे होत नाही. इतकी साधी गोष्ट मी दारोदार समजावत फिरतो आहे आणि लोक मला शांत व्हा म्हणतात.

मी शांत होणार नाही. ज्याने तो मोर मोठा करून विकला, त्याने सांगावे की ती फाईल त्याच्याकडे कुठून आली. घेताना त्यालाही कळले असेल की इतकी डिझाइन कोणी आपखुशीने देत नसते. आणि तू, जो मला भाऊ म्हणतोस, चहाचे राहू दे. तिने तुझ्या दुकानात उभे राहून एक प्रश्न विचारला आहे. विकल्यास, की वापरतोस? मला नको, पण तिला उत्तर दे.