सासूबाईंची व्हीलचेअर

माझ्या सासूबाई रोज सकाळी रायपूरच्या बुढा तालाबाला फेऱ्या मारतात. सोबत गेलं तर मला अर्धं पळावं लागतं. त्यामुळे विमानानं पुण्याला नणंदेकडे जायचं ठरलं आणि त्या म्हणाल्या, "तिकिटावर माझ्यासाठी व्हीलचेअर लिहून दे," तेव्हा तिकीट काढता काढता मी फोन खालीच ठेवला.

"काहून आई? पाय दुखून राहिले का?"

"पायाचं मी पाहून घेईन. तू लिही."

मी लिहिलं. कारण विचारायची सोय आमच्या घरात नाही.

मी लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा गावाबाहेरचं मान्याचं विमानतळ म्हणजे एक हॉल होता. विमानात बसणाऱ्यांपेक्षा कुंपणापाशी उभं राहून विमान पाहणारे जास्त. आम्हीही रविवारी पोरांना घेऊन जायचो, विमान उडालं की भजी खाऊन परत यायचो. पुण्याला जायचं तर रेल्वेनंच, पोळ्यांचा डबा बांधून. आता काचेची मोठी इमारत झाली आहे, सरकते जिने आहेत आणि सरळ पुण्याचं विमान आहे. सासूबाई मात्र या नव्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल ठेवणार होत्या. म्हणजे ठेवणार नव्हत्या.

टॅक्सीतून उतरताना त्यांनी लंगडायला सुरुवात केली. आधी डावा पाय, दारापर्यंत येईतो उजवा. व्हीलचेअर घेऊन उभ्या असलेल्या माणसानं अदबीनं विचारलं, "माताजी, कौन से पैर में तकलीफ है?"

"दोनों में, भैया," सासूबाई कण्हत म्हणाल्या, आणि माहेरच्या पाटावर बसावं तशा ऐटीत खुर्चीत बसल्या.

मग काय विचारता! रांगा बाजूला झाल्या. लोकांनी वाट दिली. एका बाईनं तर त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांनीही हात वर करून आशीर्वाद दिला. वर जायला लिफ्ट. मी मागून दोन पिशव्या, त्यांची पर्स आणि माझी लाज सांभाळत चालले होते. वर पोचल्यावर त्यांनी त्या भैयाला साड्यांच्या दुकानासमोर थांबवलं, किमती पाहून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "चला, सदर बाजारात याच्यापेक्षा बऱ्या मिळतात."

भैयानं त्यांना गेटजवळ आणून ठेवलं आणि तो दुसऱ्या प्रवाशाला आणायला गेला. शेजारी आणखी एक व्हीलचेअर होती. त्यात डोक्यावरून पदर घेऊन एक बाई बसल्या होत्या. पदर जरा सरकला आणि सासूबाईंचं कण्हणं बंद पडलं.

त्या पुरानी बस्तीतल्या आमच्या ओळखीच्या काकू होत्या. तालाबावर रोज सासूबाईंच्या सोबत चालणाऱ्या. त्या सकाळीही दोघी चालल्या होत्या, आणि 'आज पुण्याला चालले' हे दोघींनीही एकमेकींपासून लपवून ठेवलं होतं.

मी पिशवीत तोंड घालून हसू दाबलं.

"गुडघा?" सासूबाईंनी शेवटी विचारलं.

"कंबर," काकू म्हणाल्या. "तुमचा?"

"गुडघाच. आत्ताच धरला."

"हव, हवा बदलून राहिली नं."

तेवढ्यात घोषणा झाली. पुण्याच्या विमानाचं गेट बदललं होतं, आता खाली जाऊन बसमध्ये बसायचं होतं. लोक उठून धावत सुटले. दोन्ही खुर्च्यांचे भैया कुठं दिसेनात. मी म्हटलं, "आई, थांबा, कोणाला तरी बोलावते."

मी वळून पाहिलं तर खुर्च्या रिकाम्या. दोघी एकमेकींचा हात धरून, पदर खोचून, तालाबावरच्या चालीनं पुढं निघाल्या होत्या. एका धडधाकट पोट्ट्याला त्यांनी मागं टाकलं. सरकत्या जिन्यावरून त्या अशा खाली उतरल्या जशा जन्मभर त्यावरूनच ये-जा करत होत्या. मी पिशव्या घेऊन धावले, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय मुरगळला आणि मी लंगडतच त्यांच्यामागं गेले.

मागून भैया रिकामी खुर्ची घेऊन लिफ्टनं खाली आला. "माताजी, आप तो ठीक हो गईं!"

"तुम्हारे हाथ का गुण है, भैया," सासूबाई जराही न ओशाळता म्हणाल्या.

बसमध्ये त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चालायचं काही नव्हतं ग. मले त्या सरकत्या जिन्याची भीती वाटत होती. पाय अडकला तर? तुले कसं सांगू? तू हसली असती."

"आई, आत्ता तुम्ही त्याच्यावरूनच तर आल्या."

त्यांनी वळून इमारतीकडं पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. मग काकूंना कोपरानं ढोसून त्यांनी ही बातमी सांगितली, आणि दोघी अशा हसल्या की अख्खी बस पाहू लागली. काकूंनाही म्हणे जिन्याचीच धास्ती होती.

पुण्यात उतरलो तेव्हा माझा घोटा टम्म फुगला होता. दाराशी सासूबाईंच्या नावाची व्हीलचेअर उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"बस," त्या म्हणाल्या.

मांडीवर पिशव्या घेऊन मी बाहेर आले. बाजूनं सासूबाई झपाझप चालत होत्या. नणंद समोरून ओरडली, "अगं वहिनी, हे काय झालं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "आजकालच्या पोट्टींत दमच नाही."