न मानणाऱ्याने वाचलेली प्रार्थना

माझा थोरला भाऊ दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर होता. वहिनी गेल्यावर दोनेक वर्षांनी त्याने चर्चला जाणं सोडलं. भांडण नाही, कुणावर राग नाही. एका रविवारी गेला नाही, मग पुढच्याही. विचारलं तर म्हणाला, विश्वास राहिला नाही आणि असल्यासारखं दाखवणं जमत नाही.

मी धुळ्याला शाळेत शिकवायचे आणि आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांची प्रार्थनासभा चालवायचे. भावाचा अविश्वास मी अहंकार समजले. माणसाला गुडघे टेकायचे नसतात म्हणून तो देव नाही म्हणतो, असं मी सभेत दोनदा बोलले. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. सुट्टीत त्याच्याकडे गेले की मी मुद्दे काढायचे. तो चहा ठेवायचा आणि ऐकून घ्यायचा. माझ्यापुढे टिकाव लागत नाही म्हणून गप्प बसतो, असं मी धरून चालले.

निवृत्तीनंतर माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. जळगावला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस पालथं पडून राहायला सांगितलं, तोंड उशीत. भाऊ तोवर भुसावळला राहायला गेला होता. तो आला आणि दवाखान्यातच राहिला.

पहिल्याच संध्याकाळी त्याने माझ्या पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्या दिवसाचा भाग वाचायला घेतला. मी सांगितलं नव्हतं. एकही शब्द न गाळता, आवाज न बदलता वाचायचा, वीजकेंद्रात पाळी संपताना तिची नोंद पुढच्या पाळीच्या माणसाला वाचून दाखवावी तसा. शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याची एक म्हातारी होती, मोतीबिंदूसाठी आलेली. ती मला म्हणाली, "तुमना भाऊ मोठा भगत शे."

"नाही अक्का, मी फक्त वाचून देतो," भाऊ म्हणाला, आणि तिचा तांब्या भरून आणायला गेला.

मला मात्र त्या वाचनातलं काही पोचत नव्हतं. खरं तर ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून तसं होत होतं. प्रार्थनेला बसले की पलीकडे कुणी आहे असं वाटायचंच नाही. पाठ असलेले शब्द म्हटले, रडूनही पाहिलं. पाळकांना हे सांगायची लाज वाटत होती. चौथ्या दिवशी मी ते भावाला सांगितलं. तोंड उशीत होतं म्हणून सांगता आलं असेल.

त्याने खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाला, "माझंही असंच झालं होतं. मी ते निवडलं नव्हतं."

"मी तुला गर्विष्ठ म्हणत होते."

"माहीत आहे. धुळ्याची माणसं कळवतात." त्याने विचारलं, "आजचं वाचू ना?"

मी वाच म्हटलं.

प्रार्थनेतलं ते कोरडेपण नाताळपर्यंत टिकलं. कसं गेलं ते सांगता येत नाही. मी घालवलं नाही, एवढं नक्की. तोपर्यंत श्रद्धा ही मला स्वतःची कमाई वाटत होती. सभेत उभं राहून मी सांगितलं की भावाविषयी बोलले ते चूक होतं, गर्व माझा होता. एका ज्येष्ठ बाईंना ते रुचलं नाही. अविश्वासाला असं सांभाळून घेतलं तर तरुण मुलं चर्चपासून तुटतील, त्या म्हणाल्या. त्यांची काळजी खोटी नव्हती. अविश्वास बरा असं मी म्हणत नाही. देव आहे आणि भाऊ चुकतो आहे, असंच मला आजही वाटतं. पण त्याला देवापर्यंत नेणं माझ्या हातात नाही. मीसुद्धा आपल्या पायांनी तिथे पोचलेली नाही.

भाऊ अजून चर्चला येत नाही. महिन्यातून एकदा मी भुसावळला जाते. जेवायला बसलो की माझी प्रार्थना होईपर्यंत तो ताटाला हात लावत नाही. पूर्वी त्याला ऐकवायचं म्हणून मी ती लांबवत असे. आता भाजी निवायच्या आत संपवते.