सेटरची वही

साहेबांनी मला फसवलं आणि मी आमच्या जुन्या सेटरला फसवलं. घडलं या क्रमाने, पण तो सेटर आधी माझं नाव घेतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

रबाळ्यातल्या आमच्या कारखान्यात बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं बनतात. मी तिथे पॅकिंगला लागलो आणि भांडत, घासाघीस करत सुपरवायझर झालो. टोपण नीट यायचं तर प्रत्येक साच्याप्रमाणे मशीनची उष्णता, दाब आणि थंड व्हायचे सेकंद जुळवावे लागतात. ते जुळवणारा तो सेटर. सेटर आपले आकडे स्वतःच्या वहीत लिहितो आणि वही घरी नेतो. शिफ्ट संपताना एखाददुसरा आकडा मुद्दाम हलवूनही जातो, पुढच्याला घाम फुटावा म्हणून. आमच्याकडे सगळेच हे करत आले.

पहिल्या शिफ्टचा सेटर खाडीकाठच्या गावातला. एकोणीस वर्षं याच कामात, निवृत्तीला अडीच वर्षं बाकी. दुसऱ्या शिफ्टचा वयाने धाकटा, साताऱ्याकडचा, डिप्लोमा झालेला, जिभेने तिखट. एका सोमवारी त्याची दोन तासांची टोपणं अर्धवट भरून आली. मंगळवारी शिफ्ट बदलताना त्याने त्या खराब टोपणांचं पोतं जुन्याच्या चपलांवर ओतलं.

"घ्या काका, तुमचं पीक."

"तुज्याकं फाईल हाय ना डिप्लोम्याची? फाईलीला विचार कसं भराचं ते. मना शिकवाला कोन आलता?"

धाकट्याने त्याची कॉलर धरली. आम्ही सोडवलं. मग धाकट्याने मला लेखी तक्रार आणून दिली: मशीनमध्ये मुद्दाम बिघाड. असल्या कागदावर माणूस सरळ घरी जातो.

मी कागद घेऊन प्लांटच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "मिटवा तुम्ही. त्याने आकडे दिले तर तक्रार संपली. रिटायर होईपर्यंत पहिली शिफ्ट त्याचीच. माझा शब्द."

फोटो कशाला, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर समोरच्याचे हात बघून सौदा करणारा मी, त्या दिवशी खुशीत होतो. साहेबांनी माझ्यावर काम सोपवलं होतं.

भांडणाऱ्यांना मी कधी एकत्र बसवत नाही. आधी एकेकाला घाबरवतो. धाकट्याला म्हटलं, "कॉलर तू धरलीस. दहा जणांनी बघितलंय. तक्रार वर गेली तर तूही जाशील." आकडे मिळाले तर तक्रार सोडतो, म्हणाला. मग जुन्याला कँटीनमागे घेतलं. त्याची बायको संध्याकाळी बाजारात मासळी विकायला बसते. तिचे गुडघे गेलेत. तीनला सुटला की तो घरी जातो आणि तिची टोपली बाजारात पोचवतो. मला सगळं ठाऊक होतं, म्हणून तिथेच बोट ठेवलं.

"दादा, तुला दुसऱ्या शिफ्टला टाकलं तर टोपली कोण उचलणार? वहिनी गुडघ्यावर सरपटत जाणार का?"

त्याचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी बरं वाटलं, हेही लिहितो. भाव फुटला की मला बरं वाटतं. मग म्हटलं, "वहीतले आकडे त्याला दे, रिटायर होईपर्यंत पहिली शिफ्ट तुझीच, शब्द आहे."

"शबूद कोनाचा? तुजा का सायबाचा?"

"दोघांचा."

"मंग देतो."

तीन दिवस दोघं तीन वाजता मशीनशेजारी बसले. जुना वाचायचा, धाकटा उतरवून घ्यायचा. शाळकरी वही, तिच्यात प्रत्येक साच्याच्या खोडी. लाल रंगाला उष्णता कमी. पावसाळ्यात दोन सेकंद जास्त. तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "काका, हे पावसाचं आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही हो."

"कॉलेजाला छप्पर असल."

दोघं हसले. मी तक्रारीचा कागद त्यांच्यासमोर फाडला आणि तिघांचा चहा मागवला.

धाकट्याची नक्कल साहेबांनी फाइलला हवी म्हणून मागवली. पाठोपाठ मूळ वहीही, ताळा करायला. पंधरा दिवसांत आकडे मशीनमध्ये भरले गेले आणि वर पासवर्ड बसला. महिन्याने जुन्याला पत्र आलं. महापे गोडाऊनला बदली, फिरत्या शिफ्टमध्ये, चौकशी संपेपर्यंत. कारणं दोन. एक, मशीनमध्ये बिघाड, सोबत तक्रारीचा फोटो. दोन, कंपनीची तांत्रिक माहिती खाजगी वहीत ठेवली, पुरावा म्हणून वही जमा.

मी सांगितलं म्हणून त्याने जी दिली, तीच वही.

धाकट्याला साक्षीदार म्हणून बोलावलं. तो म्हणाला, तक्रार मागे घेतली आहे. साहेब म्हणाले, "कॉलरचं पण काढू का?" त्याने सही केली. त्याला मी काय बोलणार? तो धाक मीच त्याला आधी दाखवला होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला. त्यांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "कसला शब्द? तुम्ही मध्यस्थी छान केलीत, तसा शेरा मारलाय मी तुमच्या फाइलवर."

मी राजीनामा दिला नाही. घराचे हप्ते आहेत, वगैरे म्हणता येईल. खरं म्हणजे खुर्ची सोडवली नाही.

जुना सेटर चौकशीच्या तारखेला आला तेव्हा गेटवर भेटला. मी चहाला चल म्हटलं. तो म्हणाला, "तू मदी नसतास तं मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या, त्यानं मना दोन. झाला असता." त्याची बायको आता बाजारात बसत नाही. हे त्याने सांगितलं नाही, मी बाजारात जाऊन बघून आलो. तिच्या जागेवर दुसरीच बाई होती.

चौकशीत मी लिहून दिलं आहे: पहिल्या शिफ्टचा शब्द साहेबांनी दिला, तो मी पोचवला आणि त्यावर विश्वास ठेवून त्याने वही दिली. खाली माझी सही आहे. साहेबांच्या उत्तराची जागा अजून कोरी आहे. तीन तारखा झाल्या, दर वेळी ते मीटिंगमध्ये असतात.

साहेब, मला शेरा नको. त्या कागदावर लिहा, शब्द दिला होता की नव्हता. नव्हता म्हणायचं असेल तर त्या माणसाला समोर उभं करा, त्याच्या तोंडाकडे बघून म्हणा आणि खाली सही करा.