हाडवाली व्हर्ना

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या त्या गावात व्हर्ना स्टिल्टनरला सगळे ‘हाडवाली’ म्हणायचे. फर्निचरच्या कारखान्यात तिनं बावीस वर्षं लाकूड घासलं. कारखाना बंद पडला त्याच हिवाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, क्लोविसच्या गिटारची सॅडल तडकली. सॅडल म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती बारकी पट्टी. व्हर्नानं रश्शातलं गाईचं हाड उकळलं, वाळवलं, घासलं आणि नवी पट्टी बसवली. क्लोविसनं तार छेडली.

“अगं, रस्सा तर रस्सा, हाडसुद्धा गोड निघालं!”

तेव्हापासून आसपासच्या गिटारी तिच्या मागच्या खोलीत येऊ लागल्या.

क्लोविस जाऊन नऊ वर्षं झाली होती. एका शनिवारी हार्लेस मलिन्स आपल्या वारलेल्या वडिलांची गिटार घेऊन आला. शुक्रवारच्या नाचाला हॉलमध्ये त्याचं वाजवणं कुणाच्या कानावरच पडत नसे.

“बँजोवाला मला गिळून टाकतो, व्हर्नाताई. पिकअप बसवून द्या, तारांचा आवाज उचलून स्पीकरमध्ये मोठा करणारं.”

“तुझ्यात गिळण्याजोगं आहे काय? बस, बघते.”

तिनं तारा काढल्या, सॅडल उपसली. हाडाचीच होती, पण चाकूनं तासलेली, बुडाला वाकडी. खाचेत पिकअपची पट्टी घालून वर ती ठेवली, तर स्पीकरमध्ये चौथी तार मुकी. बूड सपाट असेल तरच सगळ्या तारांचा भार सारखा पडतो. मग व्हर्नानं दोन दिवस खपून नवी सॅडल घडवली. सहाही तारा सारख्या बोलू लागल्या.

हार्लेस परत आला, वाजवू लागला आणि मध्येच थांबला.

“छान झालंय.”

“मग तोंड का असं?”

“काही नाही हो. बाबा वाजवायचे तेव्हा ती चौथी तार जरा कुरकुरायची. आई आत मक्याचा पाव भाजत असायची. आम्ही पोरं ओढ्यावरूनच ओळखायचो, बाबा घरी आले.”

 क्लोविस गेल्यावर व्हर्नानंही त्याची गिटार अशीच नीटनेटकी केली होती. मानेवर तारांखाली नवे पडदे, नवी सॅडल. झिजलेली हाडाची पट्टी तिनं शेगडीत टाकली. नंतर तार छेडली, तर त्या आवाजात क्लोविस कुठेच नव्हता. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हार्लेसला सांगितलं.

हार्लेसनं आजूबाजूला पाहिलं. “आमची जुनी कुठाय?”

“ही काय. मी आता काही टाकत नाही.”

तिनं जुनी सॅडल परत बसवली. मग गिटारच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बटणाएवढे तीन पिकअप आतल्या लाकडाला चिकटवले.

“हे लाकडाचा आवाज उचलतात, बूड वाकडं असलं तरी चालतं. थोडं गढूळ ऐकू येईल.”

“येऊ दे.”

शुक्रवारी व्हर्ना कितीतरी वर्षांनी हॉलवर गेली. बँजो सुरू झाला आणि त्याच्या खालून हार्लेसची गिटार ठळक वर आली, चौथ्या तारेच्या कुरकुरीसकट. भिंतीलगत बसलेली हार्लेसची म्हातारी आई हातातला पंखा थांबवून म्हणाली, “हे बघ, घरी आले!” व्हर्नानं तिचा हात धरला आणि दोघी नाचायला उठल्या.

त्या पानगळीत आणखी चौघे पिकअप बसवायला आले. व्हर्ना प्रत्येकाला आधी खुर्ची द्यायची आणि विचारायची, “ही कुणाची होती?”